न चालणाऱ्या गाडींतला आठवडा

विलायतेहून परत आलेल्या मनुष्यास आपल्याकडे जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा ठरलेले असतात. लंडनचा मनोरा पाहिलात काय, शेक्सपिअरचें घर पाहिलेंत काय, थंडी किती होती, आणि (हा प्रश्न स्त्रीवर्गाकडून) जेवणाचें काय केलेंत? पहिल्या तिहींचीं उत्तरें प्रवासवर्णनांतून पुष्कळ वेळां छापून झालीं आहेत. चौथ्याचें उत्तर देतां देतां आम्हांस ज्या एका आठवड्याची हकीकत सांगावी लागते, तीच येथें सविस्तर सांगण्याचा विचार आहे. तो आठवडा आम्हीं हॉटेलांत काढला नाहीं, कीं कोणाच्या घरीं पाहुणे म्हणूनहि काढला नाहीं. तो काढला एका गाडींत. आणि ती गाडी आठवडाभर तसूभरहि हालली नाहीं.

इंग्लंडांत ह्या गाडीस 'स्टॅटिक कॅरव्हॅन' म्हणतात. मोटारीच्या मागें बांधून गांवोगांव हिंडावयाची जी लहान कॅरव्हॅन, तिची ही थोरली बहीण. हिच्या पोटाखालीं लोखंडी सांगाडा असतो, चाकेंहि असतात. पण कारखान्यांतून मालमोटारीवर चढून ही एकदां समुद्रकांठच्या मैदानावर येऊन उतरली, म्हणजे तेथेंच ठाण मांडते. नळ, मोरी, वीज आणि गॅस हिला जोडून देतात, वाऱ्यानें उलथूं नये म्हणून सांखळ्यांनीं जमिनीस जखडतात, आणि चाकें झांकून टाकतात. आमची गाडी ३५ फूट लांब व १२ फूट रुंद होती, म्हणजे अवघी ४२० चौरस फुटांची. तेवढ्यांत निजावयाच्या तीन खोल्या, दोन शौचकूप, एक न्हाणी, स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचें टेबल आणि तीन बाजूंनीं खिडक्या असलेला दिवाणखाना, असा सर्व संसार बसविलेला. पुण्याच्या जुन्या वाड्यांत दोन खोल्यांत वाढलेल्या माणसालाहि ही काटकसर पाहून कौतुक वाटावें.

ह्या प्रकाराचा उगम मात्र गरिबींतून नव्हे, हौसेंतून झाला. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, आरमारांतून निवृत्त झालेल्या डॉक्टरानें १८८५ सालीं 'वाँडरर' नांवाची, घोड्यांनीं ओढावयाची एक ऐटदार गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यांत बांधवून घेतली, आणि तींत बसून तो इंग्लंडच्या दक्षिणभागांतून थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. तोंपर्यंत चाकांवरच्या घरांत राहणें हें जिप्सींचें आणि जत्रेंत खेळ करणारांचें लक्षण समजत. ह्या गृहस्थानें तें सुटीचें साधन केलें. १९०७ सालीं अशा हौशी लोकांचा क्लबहि निघाला. पण सामान्य कामकऱ्यास समुद्रकांठीं आठवडाभर राहणें शक्य झालें तें पुढें. १९३८ सालीं पगारी रजेचा कायदा झाला. महायुद्ध संपल्यावर त्या रजेचा खरा उपभोग घेतां येऊं लागला, आणि गिरण्यांच्या व खाणींच्या गांवांतून माणसें समुद्राकडे लोटलीं. जुन्या बसगाड्या, आगगाडीचे मोडींत निघालेले डबे, जें मिळेल तें वाळूकांठीं उभें करून त्यांत संसार थाटण्याची चालहि पडलेली होतीच. १९६० च्या कायद्यानें अशा मैदानांस परवाना घेणें आवश्यक झालें. ह्या गाड्या बांधण्याचे मोठे कारखाने हल शहराच्या आसपास आहेत, आणि धंद्याचें मुख्य केंद्र आजहि तोच भाग आहे.

आतां आम्ही ह्या गाडीकडे कसे वळलों तें सांगतों. आमचे धाकटे बंधू अकरा वर्षें लेस्टर येथें आहेत. ते व त्यांची पत्नी दोघेंहि नोकरी करतात. बारा वर्षांची मुलगी व नऊ वर्षांचा मुलगा तेथेंच शाळेंत जातात. २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभीं मातोश्रींना घेऊन आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों. मातोश्रींचें वय तेव्हां ७९. घर मोठें, प्रत्येकाला आपली खोली, आणि प्रत्येक खोलीला आपलें दार. सकाळीं साडेसातला तें घर रिकामें होई तें संध्याकाळीं सहाला भरे. आणि भरल्यावरहि मुलें आपापल्या खोलींत, बंधू आपल्या कामाच्या खोलींत. ह्यांत कोणाचा दोष नव्हता. सर्व मंडळी मातोश्रींशीं अत्यंत गोड वागत. पण पंधरा दिवसांनीं त्या एकदां आम्हांस म्हणाल्या, "अरे, इथें सगळीं चांगलीं आहेत, पण एका वेळीं एका जागीं कोणी नसतात." नातवंडांना सांगावयाच्या म्हणून ज्या गोष्टी मनांत जुळवून त्या पुण्याहून निघाल्या होत्या, त्यांतील एकहि सांगून झाली नव्हती.

मेअखेर तिकडच्या शाळांना आठवड्याची सुटी असते. त्या सुटींत कोठें तरी जावें असें ठरलें. हॉटेल म्हटलें म्हणजे सात माणसांस तीन-चार खोल्या. म्हणजे लेस्टरचेंच घर, वर भाडें देऊन, परगांवीं नेल्यासारखें. शिवाय मातोश्रींचें सोवळें आतां फारसें उरलेलें नसलें, तरी सकाळचा चहा आणि दुपारचा वरणभात आपल्या चुलीवरचा असावा, एवढें त्यांचें मागणें असतें. तेव्हां आमच्या भावजयीनेंच कॅरव्हॅनची गोष्ट काढली.

निवड करतांना आम्ही जे धडे शिकलों, ते ज्यांचीं मुलें-भाचरें तिकडे आहेत अशा वाचकांच्या उपयोगीं पडतील. पहिला धडा माणसांच्या आंकड्याचा. जाहिरातींत 'आठ माणसांची गाडी' असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ आठ माणसें निजूं शकतात एवढाच. आठ माणसें सुखानें वावरूं शकतात असा नव्हे. आठांपैकीं दोघांची सोय बहुधा दिवाणखान्यांतला कोच उलगडून केलेली असते, आणि तेथें निजणारास सर्वांच्या मागून निजावें व सर्वांच्या आधीं उठावें लागतें. म्हणून जाहिरातीच्या आंकड्यांतून दोन वजा करून मग आपलीं माणसें मोजावीं. आम्हीं तसें केलें नाहीं. त्यामुळें सातवे म्हणून तो कोच आमच्या वांट्यास आला.

दुसरा धडा काळाचा. ह्यांपैकीं बहुतेक मैदानें मार्चपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तरी उघडीं असतात. जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत मोठी सुटी, आणि त्याच दिवसांत भाडें सर्वांत चढें. एप्रिलमधल्या साध्या आठवड्याच्या कित्येक पट. मेअखेरची सुटीहि महागच. शाळा चालू असतां विनापरवानगी मुलांना काढून नेलें तर आईबापांस दंड होतो, म्हणून ज्यांच्याबरोबर शाळकरी मुलें आहेत त्यांस गत्यंतर नाहीं. इतरांनीं जून किंवा सप्टेंबर निवडावा. भाडें बहुधा शुक्रवारपासून तीन रात्रींचें, सोमवारपासून चार रात्रींचें, अथवा पुऱ्या आठवड्याचें असतें.

तिसरा धडा जागेचा. गाडी कितीहि सुंदर असो, ती मैदानांत कोठें उभी आहे हें अधिक महत्त्वाचें. करमणुकीच्या दिवाणखान्याजवळ असेल तर रात्रीं उशिरापर्यंत गाणेंबजावणें कानावर येतें. समुद्राच्या अगदीं तोंडाशीं असेल तर भाडें जास्त आणि वारा त्याहून जास्त. वृद्ध माणूस बरोबर असेल तर दाराशीं किती पायऱ्या आहेत, कठडा असलेला लांकडी ओटा आहे काय, मोटार दाराशीं उभी राहते काय, आणि एका तरी खोलीला लागून शौचकूप आहे काय, हे चार प्रश्न विचारल्यावांचून पैसे भरूं नयेत. चांदी, सोनें अशीं प्रतवारीचीं नांवें असतात, त्यांवर भुलूं नये. निजावयाच्या खोल्या गरम करण्याची सोय आहे काय आणि खिडक्यांना दुहेरी कांच आहे काय, एवढें पाहावें. मे महिना म्हणून उन्हाळा समजून जाणारा माणूस तेथें पहिल्याच रात्रीं कुडकुडतो. चादरी, अभ्रे व पंचे भाड्यांत धरलेले आहेत कीं नाहींत, हेंहि आधीं विचारावें.

आम्हीं ठरविलेलें ठिकाण म्हणजे यॉर्कशायरच्या पूर्वकिनाऱ्यावरचें फाइली. आगगाडीनें जाणारांस हल ते स्कारबरो ह्या मार्गावर फाइलीचें स्टेशन आहे. आम्ही मोठी मोटार भाड्यानें घेऊन गेलों. येथें समुद्रानें अर्धचंद्राकार उपसागर कोरला आहे. त्याच्या उत्तर टोंकास फाइली ब्रिग नांवाची खडकाची लांब जीभ पाण्यांत गेलेली, दक्षिणेस फ्लॅम्बरोचे खडूचे पांढरे कडे, आणि मध्यें मैलोगणती सपाट वाळू. त्या वाळूच्या वरच्या अंगास मातीचा उंच बांध आहे, आणि त्याच्या माथ्यावरच्या हिरवळीवर गाड्यांच्या रांगा. दुपारीं चारनंतर ताबा मिळाला. मातोश्रींनीं आंत पाऊल टाकलें, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालून घर पाहून घेतलें, आणि म्हणाल्या, "हें बरें आहे. इथून हांक मारली तर सगळ्यांना ऐकूं येईल."

खोल्यांची वांटणी झाली. शौचकूप जोडलेली खोली मातोश्री व नात ह्यांस, एक बंधू व भावजय ह्यांस, एक सौ. व पुतण्या ह्यांस. ह्या शेवटच्या खोल्यांत दोन अरुंद खाटा आणि मध्यें एक पाऊल ठेवण्यापुरती वाट असते. एक जण उठला म्हणजे दुसऱ्यानें पाय आंखडावे. भिंती इतक्या पातळ कीं कूस बदलली तरी शेजारीं कळावें.

स्वयंपाकाच्या ओट्याला चार शेगड्या, एक भट्टी आणि लहानसें शीतकपाट होतें. ताटें, पेले व साधीं भांडीं गाडींत मिळतात. पण कुकर, पोळपाट-लाटणें, सांडशी आणि मिसळणाचा डबा हीं घरूनच न्यावीं. पहिल्या संध्याकाळीं सौ.नें मोहरीची फोडणी टाकली मात्र, छताला लावलेल्या धुराच्या घंटेनें असा आक्रोश मांडला कीं शेजारच्या गाडींतले वृद्ध गृहस्थ चौकशीस आले. ती घंटा काढून ठेवण्याचा मोह कित्येकांस होतो. तो कटाक्षानें टाळावा. लहान जागेंत गॅस जळत असतां ती, आणि विषारी वायूची सूचना देणारी तिची जोडीदारीण, ह्या दोघी जिवाच्या राखणदार होत. फोडणीपूर्वीं खिडकी उघडावी व शेगडीवरचा पंखा लावावा, म्हणजे चव आणि जीव दोन्ही सांभाळले जातात.

कोंकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रांत मावळतो, हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. फाइलीस तो समुद्रांतून उगवतो, आणि मेअखेर तोहि पहाटे साडेचारच्या सुमारास. मातोश्रींना चारला जाग येण्याची संवय. त्या दिवाणखान्यांत येत, पडदा सारीत, आणि आम्ही कोचावर असल्यामुळें आमचीहि झोंप तेथेंच संपे. पहिल्या दिवशीं आम्हांस त्याचा थोडा त्रास वाटला. दुसऱ्या दिवसापासून आम्हींच उठून चहाचें आधण ठेवूं लागलों. समोर पाण्यावर तांबूस पट्टा पसरत असे, बाकीचें घर निजलेलें असे, आणि त्या हलक्या आवाजांत बोलत. नोकरी लागल्यापासून मातोश्रींपाशीं रोज दोन दोन तास निवांत बसण्याचा योग आम्हांस आला नव्हता. आम्ही तर पुण्यास एकाच घरांत राहतों.

फाइली हें गांव लहान व शांत आहे. 'कोबल' नांवाच्या कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसतात. शार्लट ब्राँटे ही लेखिका येथें १८४९ व १८५२ सालीं येऊन राहिली होती. १८४८ च्या सप्टेंबरपासून १८४९ च्या मेपर्यंत, आठ महिन्यांत, तिचा भाऊ व दोन बहिणी गेल्या. शेवटची अ‍ॅन जवळच्या स्कारबरो येथें वारली व तेथेंच तिला पुरलें. त्यानंतर शार्लट ह्या किनाऱ्यावर आली. ज्या घरांत चार भावंडें एका टेबलाभोंवतीं बसून गोष्टी लिहीत, त्या घरीं एकटीनें परत जाण्यापूर्वीं ती ह्याच वाळूवरून फिरली असेल, हा विचार आमच्या पुतणीला इतका लागला कीं तिनें गांवांतल्या दुकानांत त्या बहिणींचें पुस्तक शोधून काढलें.

खाण्याच्या बाबतींत एक सूचना येथेंच देऊन ठेवतों. समुद्रकांठीं मासे व बटाट्याच्या तळलेल्या फोडी विकणारीं दुकानें पावलोपावलीं असतात, आणि शाकाहारी माणूस निदान फोडी तरी निर्धास्तपणें मागवितो. पण यॉर्कशायरमध्यें पुष्कळ दुकानांतून तेलाऐवजीं गोमांसाच्या चरबींत तळण्याची जुनी चाल आहे. विचारल्यावांचून घेऊं नये. विचारल्यास लोक सरळ सांगतात. आम्हांस तर त्या दुकानदारानेंच तेलांत तळणाऱ्या दुसऱ्या दुकानाची वाट दाखविली. समुद्राविषयींहि असेंच: भरतीओहोटीचें कोष्टक रोज पाहावें, ब्रिगच्या खडकावर जावयाचें तर ओहोटीला जावें व पाणी वळण्यापूर्वीं परतावें, आणि मुलांना पाण्यांत सोडावयाचें तें तांबड्या-पिंवळ्या निशाणांच्या मध्येंच, जेथें जीवरक्षक असतात.

एक दिवस दक्षिणेकडच्या बेंप्टनच्या कड्यांवर गेलों. सुमारे १०० मीटर उंचीचे ते सरळ तुटलेले पांढरे कडे वसंतापासून लाखों समुद्रपक्ष्यांनीं भरून जातात. सहा फूट पंखांचा शुभ्र गॅनेट, आणि रंगीत चोंचीचा, ठेंगणा, गंभीर चेहऱ्याचा पफिन हे तेथील मानकरी. एके काळीं ह्या कड्यांवर नावेंतून बंदुका झाडणें हा श्रीमंतांचा खेळ होता. त्याविरुद्ध ओरड होऊन १८६९ सालीं समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. अंडीं काढण्यासाठीं दोरखंडानें कड्यावर उतरण्याची चाल मात्र १९५४ पर्यंत चालू होती. बोटभर कपारीवर जोडपीं खेटून बसलेलीं पाहून पुतण्या म्हणाला, "आजी, हे पण कॅरव्हॅनमध्येंच राहतात."

पुढचे दोन दिवस पाऊस लागला. वाऱ्यानें गाडी किंचित् कुरकुरे, आणि छपरावर पावसाचा आवाज कोंकणांतल्या पत्र्यावर वाजतो तसा वाजे. बाहेर जातां येईना, फोनचें जाळें धड लागेना, आणि दार लावून बसावें अशी खोली कोणापाशींच नव्हती. दुपारीं पिठलेंभात झाल्यावर सातहि माणसें त्या दिवाणखान्यांत पांघरुणें घेऊन बसलीं. नातीनें सहज विचारलें, "आजी, पुण्याला असा पाऊस पडतो का?" त्यावरून मातोश्री १९६१ वर आल्या. त्या वर्षीं १२ जुलैला पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां त्या सोळा वर्षांच्या होत्या. नारायण पेठेंतील घर पाण्यांत गेलें. नेसत्या वस्त्रांनिशीं सर्व मंडळी मामांच्या घरीं गेलीं, आणि एका खोलींत अकरा माणसें चार महिने राहिलीं. पहिल्या रात्रीं मामींनीं काय शिजविलें, धाकटा भाऊ पाण्याच्या आवाजानें कसा दचकून उठे, चिखलांतून आजोबांची पोथी कशी सांपडली आणि तिचीं पानें दोरीवर कशीं वाळत घातलीं, हें सर्व त्यांनीं सांगितलें. पूर आला होता एवढें आम्हांस माहीत होतें; पोथीची हकीकत आम्हीं दोघां भावांनीं त्या दिवशींच प्रथम ऐकली. बंधू मध्येंच उठले, चहाला म्हणून ओट्याकडे गेले, आणि बराच वेळ पाठ फिरवून उभे राहिले. ओटा तीन पावलांवर होता; पाठ फिरविली तरी झांकतां येण्यासारखें कांहीं नव्हतें.

त्याच संध्याकाळीं बंधूंनीं मनांतली गोष्ट काढली. ह्या मैदानांतून गाड्या विकण्यासाठींहि ठेवलेल्या असतात, आणि आदल्या दिवशीं एका विक्रेत्यानें त्यांना एक नवी गाडी दाखविली होती. "दादा, एक घेऊनच टाकूं," ते म्हणाले. "आईला दर वर्षीं इथें आणतां येईल, तुम्ही सगळीं याल. आपलें म्हणून एक ठिकाण होईल." किंमत ऐकून आम्ही चपापलों, पुण्याच्या एखाद्या उपनगरांत लहानशी सदनिका यावी एवढी ती होती. तरीहि त्यांच्या बोलण्यांतली तळमळ खरी होती, म्हणून आम्ही रात्रीं दिव्याखालीं करारनामा वाचावयास बसलों.

जे कोणी अशा मोहांत पडतील त्यांनीं हा भाग लक्षपूर्वक वाचावा. गाडी विकत घेतली तरी तिच्याखालची जमीन आपली होत नाहीं. ती भाड्याचीच राहते, तें भाडें दर वर्षीं भरावें लागतें, आणि तें वाढत जातें. जागेचा परवाना ठराविक वर्षांचा असतो. आमच्यापुढें होता तो पंधरांचा. मुदत संपली म्हणजे गाडी हलवावी लागते. हींत कायमचें राहतां येत नाहीं. मुख्य घर अन्यत्र असावें लागतें. विमा, गॅस, वीज व हिंवाळ्यांत नळ गोठूं नयेत म्हणून करावयाची व्यवस्था हीं निराळीं. मध्येंच विकावयाची झाल्यास मैदानाच्या मालकाला दलाली द्यावी लागते, आणि घरासारखी हिची किंमत चढत नाहीं, मोटारीसारखी उतरते. ज्यांना वर्षांतून दहा-बारा आठवडे येतां येतें, त्यांस हौसेचा खर्च म्हणून हें परवडत असेल. एका आठवड्यासाठीं येणारास भाडेंच बरें.

दुसऱ्या दिवशीं उघडीप पडली, म्हणून आम्ही फ्लॅम्बरोच्या दक्षिणेस होल्डरनेसच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलों. तेथें खडू नाहीं. हिमयुगांतील बर्फानें आणून टाकलेली मऊ चिकणमाती आहे, आणि समुद्र ती सरासरीनें वर्षाला सुमारे दोन मीटर खातो. युरोपांत इतक्या वेगानें झिजणारे किनारे फार थोडे. रोमन लोकांच्या काळापासून सुमारे तीन मैलांची पट्टी आणि तींतलीं अनेक गांवें पाण्यांत गेलीं आहेत. एका खेड्यापाशीं डांबरी रस्ता सरळ जाऊन कड्यावर तुटलेला पाहिला. जवळच्या मैदानांत समुद्राकडची एक रांग रिकामी होती. चौथरे तेवढे उरलेले, आणि गाड्या ओढून मागें नेलेल्या. झांकलेलीं चाकें कशासाठीं ठेवलेलीं असतात, तें आम्हांस तेथें कळलें.

मातोश्री कठड्याशीं उभ्या राहून तें पाहत होत्या. बंधूंनीं त्यांना करारनाम्याची सर्व हकीकत सांगितली व विचारलें, "आई, तुला काय वाटतें?"

"पंधरा वर्षांचा करार?" त्या म्हणाल्या, "अरे, मला कोणी एका वर्षाचा करून देईना!"

आम्ही सर्व हांसलों. बंधूंना हांसूं आलें नाहीं. तेव्हां त्या त्यांचा हात धरून हळूच म्हणाल्या, "मामांची खोली आमची नव्हती. तरी मला आठवतें ती तीच. तूं माझ्यासाठीं गाडी विकत घेऊं नकोस. घरीं असशील तेव्हां खोलीचें दार उघडें ठेव, आणि जेवायला सगळ्यांना एका वेळीं बसव. तेवढें मला पुष्कळ झालें."

गाडी घेतली नाहीं. शनिवारीं सकाळीं दहाला ताबा सोडला, त्यापूर्वीं सौ. व भावजय ह्यांनीं ओटा असा लख्ख केला कीं तपासावयास आलेली बाई पाहतच राहिली. निघतांना शेजारच्या त्या वृद्ध गृहस्थांस लिंबाच्या लोणच्याची उरलेली बाटली दिली. परत जातांना वाटेंत फाइलीच्या दक्षिणेची एक जागा बंधूंनीं दाखविली. तेथें बटलिन ह्या प्रसिद्ध व्यावसायिकाची सुटीची छावणी १९४५ पासून १९८३ पर्यंत होती. हजारों माणसें एका वेळीं उतरत. तिच्यासाठीं आगगाडीचें स्वतंत्र स्टेशनहि होतें. आज तेथें दुसरींच सुटीचीं घरें उभीं आहेत.

लेस्टरला राहिलेल्या तीन आठवड्यांत रात्रीं साडेसातला सर्वांनीं खालच्या खोलींत जेवावयास बसण्याचा नियम झाला, आणि तो बहुतेक पाळला गेला. मातोश्रींच्या गोष्टी त्यांतच सांगून झाल्या.

पुढच्या वर्षीं डॉक्टरांनीं मातोश्रींस लांबचा प्रवास मना केला. तेव्हां दिवाळींत बंधूच सहकुटुंब पुण्यास आले. पाहुण्यांसाठीं आम्हीं दोन खोल्या झाडून तयार ठेवल्या होत्या. पण पुतण्यानें हट्ट धरून सर्वांच्या गाद्या दिवाणखान्यांत एका ओळींत घालावयास लावल्या. मातोश्रींची गादी मध्यें होती. पहाटे चारला त्यांना जाग आली, तेव्हां आम्हीहि उठून चहाचें आधण ठेवलें.